अध्यक्षांकडे किल्ली नव्हती

येमूल सर कॉलनी सोडून गेले त्याला आता वर्ष होत आलं. लोक विचारतात, "कदम मास्तर, तुमचे दोस्त गेले, करमतं का?" मी म्हणतो, करमतं. खोटं बोलत नाही. उकळत्या चहानं जीभ भाजली की मग पुरणपोळी खा नाहीतर पुठ्ठा खा, सारखंच लागतं. तसं आहे माझं. दुखत नाही. चव लागत नाही, एवढंच.

एरवी मी बोलायला लागलो की थांबत नाही, हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक आहे. शाळेत मी खेळाचा मास्तर होतो. माझी शिट्टी पार मंद्रूप गावच्या बाजारात ऐकू जायची आणि तिथले बैल तिच्यावर उठाबशा काढायचे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन बैलांना विचारावं.

येमूल सर त्याच शाळेत इतिहास शिकवायचे. अंगानं इतके बारीक, की वावटळ सुटली की आम्ही त्यांच्या दोन्ही खिशांत खडूचे डबे ठेवायचो. खांद्यावर कायम टॉवेल. हातरुमाल त्यांनी जन्मात वापरला नाही. "रुमाल म्हणजे टॉवेलचं पिल्लू. त्यानं काय पुसणार?" म्हणायचे. वडील पॉवरलूमवर टॉवेलच विणायचे, त्यामुळे हा घराण्याचा अभिमान होता. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, दुधनी-अक्कलकोटकडच्या पालकांशी कानडी, आणि स्वतःशी बोलायचं असलं की फ्रेंच.

फ्रेंच त्यांनी पाँडिचेरीत उचललं. तरुणपणी मामांच्या टॉवेलच्या दुकानात बसायला गेले होते. तिथं एक म्हातारं गिऱ्हाईक रोज यायचं. टॉवेल घ्यायचं नाही, फ्रेंच शिकवून जायचं. मामांचं दुकान बुडालं, भाच्याचं फ्रेंच तरलं. सोलापुरात आल्यावर बोलायला माणूस मिळेना, म्हणून सर दूधवाल्याच्या म्हशीला रोज सकाळी 'बोंजूर' म्हणायचे. पुढं पुढं ती म्हैस बोंजूर ऐकल्याशिवाय पान्हाच सोडेना. सर सुट्टीत बाहेरगावी निघाले तेव्हा दूधवाला बिचारा घरी येऊन उच्चार पक्का करून गेला.

आणि भित्रे! इतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. मिक्सर लावायचा तर पायात रबरी चप्पल, हातात लाकडी पट्टी, आणि तोंडात देवाचं नाव. पाल दिसली की शिक्षकांची खोली तिच्या नावावर करून मोकळे. ढग गडगडले की शाळेतले एकुलते एक नास्तिक सर संस्कृत स्तोत्रं म्हणायचे. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही राजे कापणाऱ्या लोकांचा इतिहास शिकवता, आणि पालीला भिता?"

"म्हणूनच शिकवतो," सर म्हणाले. "भित्र्या माणसालाच कळतं तो काय प्रकार होता ते. शूर माणसाला वाटतं, लई मजा आली असेल."

सुरक्षा हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. एटीएमच्या दारात पेंगणाऱ्या रखवालदाराला उठवून विचारायचे, "बाबा, तू कुणाला कुणापासून राखतोस?" तो म्हणायचा, "मालकाला विचारा." सर खूश व्हायचे. म्हणायचे, बरोबर उत्तर आहे.

मला त्यांनी हे प्रकरण शाळेच्या ओट्यावर शेंगाचटणी-पाव खात समजावलं होतं. चटणी-पावाला ते 'फ्रेंच नाश्ता' म्हणायचे. "कदम, त्या भाषेत सुरक्षा एकटी नाही, तिघी बहिणी आहेत. एक सेक्युरिते. ती मनातली. रात्री झोप लागते ना, ती तिच्यामुळं. दुसरी स्युरते. ती कायद्यातली. तुला उगाच कुणी उचलून नेणार नाही, कोंडणार नाही, राजा असला तरी नाही, ही तिची हमी. क्रांती झाली तेव्हा लोकांनी जाहीरनाम्यात लिहिली ती ही. स्वातंत्र्याच्या मांडीला मांडी लावून बसवली तिला."

"आणि तिसरी?"

"तिसरी साल्यू. सगळ्या देशाच्या जिवाची राखण. फार थोर बाई. ती घरात आली आणि म्हणाली, सगळ्यांचा जीव वाचवायचाय, आता एकेकट्याचं रडगाणं नको. तिच्या नावानं समिती निघाली. लोकरक्षण समिती. शेजारी दुसरी निघाली, सार्वत्रिक सुरक्षेची. मग काय, जो संशयित दिसेल तो आत. नावं सगळी सुरक्षेचीच. पण ती मधली बहीण, कायद्यातली, ती घराबाहेर."

मी चटणीचं बोट चाटलं. म्हटलं, "तिन्ही बहिणी एका घरात दिल्या की असंच होतं." सर इतके हसले की टॉवेल तोंडात कोंबला.

नववीला हा धडा आला की त्यांची एक पद्धत होती. वर्गातून तीन पोरांची समिती निवडायची. काम एकच: वर्ग सुरक्षित ठेवणं. ज्याचा संशय येईल त्याला समितीनं बाहेर काढायचं. कारण द्यायची गरज नाही. सर स्वतः मागं बाकावर गप्प. पहिल्या दिवशी दंगेखोर बाहेर. दुसऱ्या दिवशी दंगेखोरांचे मित्र. तिसऱ्या दिवशी जी पोरं समितीकडं बघून हसली ती. मग जी हसली नाहीत ती. ही सगळी जनता माझ्या ग्राउंडवर यायची. त्या आठवड्यात मी एकाच वेळी खोखोचे नऊ संघ खेळवायचो, आणि राखीव खेळाडूंची रांग पार नव्या पेठेपर्यंत जायची. शेवटी समितीतले तिघं एकमेकांना काढायचे आणि रिकाम्या वर्गात एकच पोरगं उरायचं. सर त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारायचे, "आता वाटतं का सुरक्षित?" बहुतेक पोरं रडायची. तिथं धडा संपायचा.

एका वर्षी विनायक नावाचं पोरगं उरलं. सर आत गेले, तर हा बाकावर मांडी घालून अख्ख्या वर्गाचे डबे समोर घेऊन बसलेला. कडक भाकरी, अंड्याची पोळी, कुणाच्या आईनं दिलेले धपाटे, सगळं साफ.

"आता वाटतं का सुरक्षित?"

"लई बरं वाटतंय सर," विनायक म्हणाला. "उद्यापन ठेवा की हाच तास."

सर ही गोष्ट महिनाभर सांगत हिंडले आणि प्रत्येक वेळी डबे वाढत गेले. त्यात थोडा हात माझाही असेल.

हा विनायक पुढं आमच्याच कॉलनीत राहायला आला. मोबाईलचं दुकान, गळ्यात साखळी, तोंडात 'सर, सर'. आम्ही दोघं निवृत्त झालेलो. कॉलनीत दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, कुणाची तरी सायकल गेली, आणि विनायकनं सुरक्षा समिती काढली. अध्यक्ष कोण? येमूल सर. मला वाटलं सर त्याला त्या तिघी बहिणींची कथा ऐकवून हाकलतील. पण विनायकनं सगळ्यांसमोर पाया पडून शाल घातली. गेटवर पत्र्याचा फलक लागला, त्यावर सरांचं नाव सगळ्यांत वर, पिवळ्या रंगात. शाळेत चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाचं नाव कुठल्या दारावर लागलेलं नसतं. सर रोज फिरायला निघाले की फलकासमोर टॉवेल सारखा करायचे.

"नावापुरता आहे मी," मला म्हणाले.

"नावच तर वर आहे," मी म्हटलं. सरांनी टॉवेल पुन्हा सारखा केला.

समितीनं रखवालदार ठेवला. शरणप्पा. दुधनीचा, पन्नाशीचा, मराठीत कानडी कालवून बोलणारा. अंगाला तंबाखूचा वास, हातात वेताची काठी. आमच्या माहितीत ती त्यानं कुत्र्यावरही उगारली नाही. सर त्याच्याशी कानडीत बोलायचे. संध्याकाळी दोघं गेटवर बसायचे आणि गप्प बसायचे. दोन माणसांना एकत्र गप्प बसायला एक भाषा लागते, तशी त्यांची ती भाषा होती.

मागच्या मे महिन्यात एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. बघतात तर बोअरची मोटार जागेवर नाही. नटबोल्ट काढून व्यवस्थित उचललेली. पाण्याचं सगळं कॉलनीतलेच बाबूराव बघायचे. पण ते लग्नाला मोडनिंबला गेलेले, फोन बंद. विनायक आला, समितीतली दोन-तीन पोरं आली. रात्री गेटवर कोण होतं? शरणप्पा. मोटार कुणी नेली? शरणप्पा म्हणाला, "मला ठाऊक न्हाय. मी झोपलो न्हाय. मोटार गेटातनं गेली न्हाय." गेटातनं गेली नाही तर मग गेली कुठून? झालं. पंपाची खोली रिकामीच होती. त्याला त्यात घातलं, बाहेरून कुलूप लावलं, आणि कबूल झाल्यावर उघडू म्हणून विनायक दुकानात निघून गेला.

ती खोली पत्र्याची. सोलापूरचा मे. त्या महिन्यात कावळा कॉलनीच्या या टोकाकडून त्या टोकाला उडाला तर तिकडं भाजूनच पोचतो. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं सांगत आलोय आणि लोक पुष्कळ वर्षं हसत आलेत.

मी त्या दिवशी मंद्रूपला होतो. दुपारी चारच्या सुमाराला परतलो, तर सर पंपाच्या खोलीपाशी उभे. सकाळी पेन्शनसाठी बँकेत गेलेले सर जेवायला परतून, दुपारची झोप काढून रोजच्यासारखे फिरायला निघाले होते, आणि दारावरची थाप ऐकून थांबले होते. खोलीची भिंत सरांच्याच घराच्या भिंतीला लागून. समितीतलं एक पोरगं सावलीत मोबाईल बघत पहाऱ्यावर बसलेलं.

"कुलूप काढ," सर म्हणाले.

"किल्ली विनायकदादाकडं हाय, सर. दादा फोन उचलंना."

"कुणाच्या हुकमानं कोंडलं याला?"

पोरानं मान वर केली. खरोखर गोंधळलं होतं ते. "तुमच्याच की सर." आणि मोबाईल दाखवला. कॉलनीच्या ग्रुपवर विनायकनं सकाळीच टाकलं होतं: मा. अध्यक्षांच्या आदेशानुसार संशयितास ताब्यात घेण्यात आले आहे. खाली हात जोडलेले, अंगठे वर केलेले, एका काकूंनी फुलंसुद्धा टाकलेली. सरांकडं साधा फोन. त्यांना ग्रुप काय माहीत.

आतून थाप थांबली होती. सरांनी कानडीत हाक मारली. उत्तर आलं नाही.

मी म्हटलं, "सर, पोलिसांना फोन..." पण सर घरात शिरलेले. बाहेर आले ते हातात लोखंडी बत्ता घेऊन. त्यानंच ते चटणी कुटायचे. पायात रबरी चप्पल नाही. अनवाणी. डांबरावर. आणि त्या काडीसारख्या माणसानं कुलपावर बत्ता घालायला सुरुवात केली.

आता इथं मी सांगायला हवं की पहिल्याच घावाला कुलूप उडालं आणि विजापूर रोडवर जाऊन पडलं. तसं नाही झालं. सरांच्या हातातून बत्ता निसटत होता. एक घाव कुलपावर, एक कोयंड्यावर, एक स्वतःच्या बोटावर. पोरगं ओरडलं, "सर, तोडू नका, दादा मला बोलंल!" मी बत्ता मागितला, तर दिला नाही. लोक जमले. गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. कोयंडा शेवटी सुटला.

शरणप्पा दाराला टेकून बसलेला होता, तो बाहेर कलंडला. डोळे उघडे. कुठं बघतोय ते कळत नव्हतं. पाणी आणायला कोणीतरी धावलं, आणि नळाला पाणी नाही हे त्याला नळापाशी गेल्यावर आठवलं. सरांच्या माठातलं आणलं. शरणप्पाला रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ असता तर कठीण होतं. सर तिथं बाकावर बसले होते. त्यांच्या फुटलेल्या बोटाला पट्टी बांधताना नर्सनं विचारलं, "आजोबा, दुखतंय का?" सरांनी बोटाकडं असं पाहिलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे.

संध्याकाळी बाबूराव मोडनिंबहून आले. टेम्पोत. मागं मोटार, मोटारीवर बुंदीची पिशवी.

"काय झालं? सगळे गोळा का? अहो, मोटार जळाली होती की. सकाळी अंधारातच सोडवली, मागच्या बोळातनं टेम्पोत घातली आणि जाता जाता वायंडिंगला टाकली. येताना उचलली. सांगायचं राहिलंच बघा, लग्नाच्या गडबडीत. घ्या, बुंदी घ्या."

बुंदी कुणी घेतली नाही, असं मला म्हणायला आवडलं असतं. काहींनी घेतली.

विनायक म्हणाला, "चला, मिळाली ना मोटार! विषय संपला." मग सरांकडं वळून, "सर, कोयंड्याचं बघू आपण. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

सर म्हणाले, "मी राजीनामा देतो."

"कशाला सर? तुमाला कुणी काही म्हटलंय का? आणि अजून काही लिहून-बिहून घेतलं नव्हतं तुमच्याकडनं, मग राजीनामा कशाचा?"

तेवढं त्याचं बरोबर होतं. कशाचा राजीनामा? सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाच भाषा होत्या त्या तोंडात.

पोलिसांत जाऊ म्हणून सरांनी शरणप्पाला दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा हात जोडले. दवाखान्यातून तो तडक गावी गेला. आठवड्याभरानं सर म्हणाले, "कदम, दुधनीला येतोस?" एसटीत त्यांनी अक्कलकोटपर्यंत ओठ हलवत कानडी वाक्यं पाठ केली. माफी मागायची वाक्यं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं, नांगरट आणि ऊन.

शरणप्पा आम्हाला बघून उठला. "बर्री सर, कूड्री, कूड्री," म्हणत घोंगडं अंथरलं. बायकोनं ताक आणलं. दोन खोल्यांचं घर, मागं शेळ्या. पुढच्या दाराची फळी काढून भिंतीला उभी करून ठेवलेली. मी म्हटलं, "दार मोडलं का काय?"

"न्हाय मास्तर, चांगलं हाय," त्याची बायको म्हणाली. "हेनी काढाय लावलं. दार लावलं की ह्यांना झोप येत न्हाय. बाहीरच झोपत्यात."

सरांनी कानडीत सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट आलं. दुसऱ्याच्या मध्यावर शरणप्पानं वाकून त्यांचे पाय धरले. सरांनी चटका बसल्यासारखे पाय मागं ओढले.

"तुमी काय केलं न्हाय, सर. समितीनं केलं."

"समितीचा अध्यक्ष मी होतो."

"व्हय. पन तुमी चांगले हाय." तो जरा थांबला. मग अगदी सहज, तक्रारीचा लवलेश नाही, शेजारच्याला शेजारचं सांगावं तसं म्हणाला, "मी हाक मारली की तुमाला. भिंतीवर हात मारला. लई येळ. तुमचा कूलर चालू होता."

त्यानंतर सर ताकाचा पेला हातात धरून बसले. मी शेळ्यांचा भाव विचारला, पाऊसपाणी विचारलं, एक गोष्टही सांगितली. शरणप्पा हसला. त्याची बायको हसली. सर माझ्याकडं बघत होते; कानावर पडत असावं, पण आत जात नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी कूलर पुन्हा लावला नाही. मुलीनं हैदराबादेहून फोन करकरून सांगितलं, मी जाऊन प्लग घातला. सर उठून काढायचे. भिंतीजवळ खाट ओढून दुपारभर जागे बसायचे. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "काही नाही." खरंच काही करत नव्हते.

शेवटी मुलगी गाडी घेऊन आली. तोवर कॉलनीच्या गेटवर एजन्सीचा नवा गार्ड आला होता, निळ्या गणवेशातला, कॅमेरे आले होते, आणि बाहेर जाणारं सामान बघून सोडायचा नियम झाला होता. मुलगी गाडीत बसली होती. विनायक पाया पडून, फोटो काढून गेला होता. मी सरांची वळकटी हातात घेऊन उभा.

गार्ड म्हणाला, "जाऊ द्या आजोबा, तुमचं काय बघायचं?"

सरांनी डिकी उघडायला लावली. बॅगेची चेन स्वतः ओढली. धोतरं, औषधं, एक फ्रेंच शब्दकोश, सगळं एकेक करून बाहेर काढलं आणि गेटच्या कट्ट्यावर मांडलं. गार्ड ओशाळला. "अहो आजोबा, राहू द्या की. लाज वाटती मला."

"नाही," सर म्हणाले. "नीट बघ."

मग सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. आत काही नव्हतं. ते पांढरे खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून, दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरून, सर त्या तरुण गार्डसमोर उभे राहिले, आणि तो 'जा' म्हणण्याची वाट बघू लागले.